उरलेल्या तीन तारा

सुकुमार चौगुले कानस खाली ठेवत नाही, हे पुरोहितबाईंच्या लक्षात यायला दुपारचे चार वाजले. त्या अकरापासून त्याच्या दुकानातल्या बाकावर बसून होत्या. चहा दोनदा झाला होता, रिक्षावाल्याला दोनदा थांबवून शेवटी घालवून दिलं होतं, आणि त्यांचा तंबोरा अजून सुकुमारच्या मांडीवर आडवाच होता.

मिरजेत तंबोरे करणारे पुष्कळ, पण तंबोऱ्याला बोलतं करणारे हात मोजके. तारा ज्या बसक्या घोडीवरून जातात, तिचा माथा कानशीने असा घासायचा की तार तिला टेकलीही पाहिजे आणि नाहीही. मग तारेखाली दोरा सरकवायचा. केसाएवढ्या जागेत कुठे तरी तो बसतो आणि आवाज उमलतो. याला जवारी काढणं म्हणतात. सुकुमार चाळीस वर्षं एवढंच काम करत आला होता. घर जैनाचं, म्हणून हाडाची घोडी तो हातात धरत नसे. शिसवीची, नाही तर अलीकडे निघालेली फायबरची. त्याचे वस्ताद सांगायचे, जवारी हाताने सुरू होते आणि कानाने संपते. आवाज उमलला की तत्क्षणी 'झालं' म्हणायचं आणि कानस खाली ठेवायची. त्यानंतर एक हात जरी जास्त फिरला, तरी घोडी गेली.

गेले आठ महिने सुकुमारच्या तोंडून 'झालं' निघालं नव्हतं. भिंतीवर अकरा तंबोरे लटकत होते, सगळे जवळपास तयार. तीन घोड्या घासून घासून वाया गेल्या होत्या.

"चौगुले," पुरोहितबाई म्हणाल्या, "वयानं माझा आवाज उतरला, म्हणून मी तंबोरा खालच्या पट्टीत, पांढरी चारवर आणला. तुमचा हात कशानं उतरला?"

"जरासं राहिलंय, बाई."

"काय राहिलंय? मला तर सगळं ऐकू येतंय."

त्याला ते सांगता आलं नाही. तार छेडली की आवाज उमलत होता, हे त्यालाही कळत होतं. पण उमलल्यावर जे व्हायचं ते होत नव्हतं. आता काही तरी येणार, कुणी तरी येणार, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर त्याचं पाऊल पडलेलं आहे, असं वाटत राही. तो मान वळवून दाराकडे पाही. दारात कुणी नसे. मग हात पुन्हा कानशीकडे जाई.

बाईंनी उठताना तंबोरा उभा धरून एकदा चारही तारांवरून बोटं फिरवली. त्या क्षणी सुकुमारच्या छातीवरून कुणी तरी ओझं उचललं. फार तर दोन श्वासांपुरतं. मग ते पुन्हा आपल्या जागी येऊन बसलं. या एका तंबोऱ्याजवळ असं पूर्वीही एकदा झालं होतं, बाई तो टाकायला आल्या त्या दिवशी. त्यानंतर त्याने स्वतः शंभरदा तारा छेडून पाहिल्या, पण काही झालं नाही.

"गुरुपौर्णिमेला मला बसायचंय," बाई म्हणाल्या. "पुढच्या वर्षी आवाज राहील का, सांगता येत नाही. तोवर द्या. नाही तर तसाच परत द्या, दुसऱ्याकडे नेईन."

चाळीस वर्षांत हे त्याला कुणी ऐकवलं नव्हतं. पूर्वीचा सुकुमार असता तर त्याने तंबोरा त्यांच्यासमोर ठेवला असता आणि आत निघून गेला असता. त्याने रागाची वाट पाहिली. रागही जिन्याच्या शेवटच्या पायरीवर येऊन थांबला.

*

दिवाळीनंतरच्या आठवड्यात तो याच दुकानात, हातात कानस असताना, कोसळला होता. हृदय कधी ससा होई, कधी कासव, आणि मधूनच काहीच नाही. औषधं दमली तेव्हा डॉक्टरांनी लयधर बसवायचं ठरवलं. दोन वर्षांपूर्वी आलेलं यंत्र, मिरजेत अजून नवीन. ते बसवून जुळवून द्यायचं काम निखत मुजावर नावाच्या मुलीकडे होतं. तिचे आजोबा तंबोऱ्यांचे भोपळे निवडायचे, त्यामुळे सुकुमारला ती पोरगी घरचीच वाटे आणि ती त्याला अण्णा म्हणे. यंत्र म्हणजे काय, ते तिने त्याला आणि त्याच्या बायकोला, त्रिशलेला, समोर बसवून समजावलं होतं.

निरोगी हृदय घड्याळासारखं चालत नाही. श्वास घेताना ते किंचित घाई करतं, सोडताना सैल पडतं. त्याखाली रक्तदाबाची एक संथ लाट असते, साधारण दहा सेकंदांत चढून उतरणारी. हे सगळं राखण्यात मोठा वाटा असतो मेंदूपासून मानेतून खाली उतरणाऱ्या एका चेतेचा, मज्जातंतूचा. तिचं नाव व्हेगस, म्हणजे भटकी. जुने पेसमेकर नुसता ठोका देत. लाट त्यांना येत नसे. माणूस जगे, पण दमलेला राही. लाट गणिताने बनवून पाहिली, तर हृदय महिनाभरात तिला कंटाळे. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या सिंफनीत जे संथ खंड असतात, त्यांतल्या कित्येकांची वाक्यं नेमकी दहा-दहा सेकंदांची असतात आणि ऐकणाऱ्याचा रक्तदाब नकळत त्यांच्या पावलावर पाऊल टाकू लागतो. गणिताची लाट एकसारखी असते. संगीतकाराने रचलेल्या लाटेत मात्र प्रत्येक वळण थोडं वेगळं असतं, त्यामुळे हृदय तिला विटत नाही.

तेव्हा लयधर म्हणजे अशा संथ खंडाचा, आवाज काढून घेतल्यावर उरलेला सांगाडा. त्याची लय ठोक्यांत घातलेली. त्याची स्वरपट्टीसुद्धा. कारण त्या संगीतात पट्टी म्हणजे घर. सुरावट घरातून निघते, लांब जाते, परत येते. घरापासून जितकी लांब, तितका विजेचा हलका ताण चेतेवर. घरी परतली की ताण सुटतो. कानाला काही ऐकू येत नाही. जिना चढताना ठोके वाढतात, झोपेत कमी होतात, पण लाटेचा आकार तोच राहतो. निखतने कागदावर लिहून दिलं होतं: लय, मिनिटाला बावन्न. पट्टी, काळी चार. भाव, शांत. अवधी, अकरा मिनिटं चाळीस सेकंद. मग पुन्हा पहिल्यापासून. दोनशे वर्षांपूर्वीच्या कुणा युरोपीय संगीतकाराच्या सिंफनीचा तो दुसरा खंड होता.

"म्हणजे हे आता आयुष्यभर एकच गाणं गाणार," त्रिशला म्हणाली होती.

"गाणार नाहीत, काकू. गाण्यात राहणार."

तेव्हा तिघंही हसले होते.

*

यंत्राने त्याला जगवलं, यात शंका नव्हती. दम लागत नव्हता, रंग परतला होता. फक्त कुठलीही गोष्ट संपत नव्हती.

भाकरीचा शेवटचा घास ताटात राही. सदऱ्याचं शेवटचं बटण उघडं. बोलता बोलता वाक्य अशा जागी थांबे की ऐकणारा पुढच्या शब्दासाठी मान पुढे करी आणि तो शब्द येतच नसे. सकाळी णमोकार म्हणताना शेवटच्या चरणाशी त्याची जीभ अडखळे. मंत्र अर्ध्यावर सोडायचा नाही म्हणून तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करी आणि पुन्हा तिथेच येऊन अडे. एकदा त्रिशलाने त्याला पाऊण तासाने हाताला धरून देव्हाऱ्यापासून उठवलं. दिवसातून शंभरावर वेळा कुणी तरी येणार असं त्याला वाटे, आणि शंभरावर वेळा ते माणूस न येताच सगळं पहिल्यापासून सुरू होई. तो कुणाची वाट पाहतोय हेही त्याला ठाऊक नव्हतं. तुरुंगातल्या माणसाला निदान भिंत दिसते. त्याच्यासमोर उघडायच्या बेतात असलेलं दार होतं.

आणि घरात मात्र सुख आलं होतं.

हे त्याला उशिरा उमगलं. सुकुमारचा कान नाजूक आणि राग त्याहून नाजूक. पस्तीस वर्षं त्रिशलाने त्या घरात आवाज न करता संसार केला होता. पातेल्यांच्या झाकणांना कडेने फडकी गुंडाळलेली, म्हणजे ठेवताना वाजायला नकोत. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात तिने गंमत म्हणून एका तंबोऱ्याची तार छेडली होती, तेव्हा तो "तारेला हात लावायचा नाही" असा ओरडला होता की शेजारची माणसं दारात आली होती. त्यानंतर ती दुकानाचा उंबरठा केर काढण्यापुरताच ओलांडी. मुलगी लग्न होऊन बेळगावला गेली, तेव्हा आईला म्हणाली होती, आता तरी दोघींतली एक मोठ्यानं बोलेल.

आता तो ओरडत नव्हता. ओरडायलाही कुठे तरी पोचावं लागतं. त्रिशला स्वयंपाकघरात स्तवनं गुणगुणू लागली. झाकणांची फडकी एकेक करून निघाली. बहीण आली की दोघी खिदळत. संध्याकाळी दिवस मावळायच्या आत जेवणं उरकली की ती ओट्यावरची भांडी चांगली खणखणीत वाजवत लावी, आणि सुकुमारला ते कुठल्या तरी दूरच्या घरातलं वाटे.

"भाऊजी माणसांत आले," मेहुणी म्हणाली. त्याने ते ऐकलं. त्याला सांगायचं होतं की मी माणसांत नाही, मी माणसांच्या दाराबाहेर उभा आहे. पण वाक्य अर्ध्यावर राहिलं, आणि दोघींनी ते हसून पुरं केलं.

*

पुरोहितबाई बोलून गेल्यावर दोन दिवसांनी तो एकटाच निखतकडे गेला. तिने मानेशी तबकडी लावून आठ महिन्यांच्या नोंदी काढल्या. सगळं उत्तम होतं. अण्णा, तुमच्यासारखा पेशंट आख्ख्या जिल्ह्यात नाही, असं ती म्हणाली.

त्याने तुटक तुटक सांगायला सुरुवात केली. घास, बटण, मंत्र, कानस. निखत ऐकत होती आणि पडद्यावरच्या जुन्या नोंदी मागे मागे सरकवत होती. एका जागी ती थांबली. नव्वदाव्या दिवशी यंत्राने स्वतःहून एक खूण केली होती: विसावा अपुरा. अशी खूण आली की घरच्यांना विचारायचं असतं, आणि उत्तरावर ठरतं.

"मग विचारलं नाही?"

"विचारलं होतं, अण्णा. काकूंना फोनवर फॉर्म गेला होता." तिचा आवाज जरा खाली आला. "रुग्णाच्या स्वभावात काय बदल वाटतो, असा प्रश्न. त्यांनी एकच शब्द लिहिलाय. शांत."

सुकुमार सदऱ्याचं उघडं बटण चाचपत राहिला.

"तेव्हा बदलता आलं असतं. पहिले शंभर दिवस दुसरी रचना घालता येते. आता तुमचं हृदय या लाटेला बांधलं गेलंय. बदलायची तर सहा मिनिटं यंत्र बंद ठेवायला लागेल, आणि ती सहा मिनिटं तुम्हाला झेपतील असं लिहून द्यायला डॉक्टर तयार नाहीत. मी आत्ताच त्यांना पुन्हा विचारू शकते, पण उत्तर तेच येणार."

सुकुमारने भिंतीकडे पाहिलं. मग म्हणाला, "ते गाणं ऐकव."

निखत चपापली. दीड वर्षात तिने चाळीस जणांना यंत्र बसवलं होतं. आपल्या आत काय वाजतंय ते ऐकव, असं कुणी म्हटलं नव्हतं. तिनेही ते कधी पुरतं ऐकलेलं नव्हतं. तिने खंड शोधून लावला.

सुकुमारला सिंफनी म्हणजे काय हे माहीत नव्हतं, पण पहिल्या स्वराला त्याचा हात छातीवर गेला. हे त्याच्या ओळखीचं होतं. ही जागा तो रोज चालत होता. तंतुवाद्यं जिना उतरल्यासारखी खाली येत होती, ती उतरण त्याला पाठ होती. इथे श्वास लांबतो, इथे खांदे सैल पडतात. गाणं सुंदर होतं, आणि त्याला त्याचा राग यावा एवढं सुंदर होतं. अकरा मिनिटं उलटली. शेवटच्या चाळीस सेकंदांत काही तरी झालं आणि सुकुमार खुर्चीत पुढे सरकला.

"षड्ज बदलला," तो म्हणाला.

"काय?"

"एवढा वेळ घर काळी चारचं होतं. आता ते घर सोडलं. दुसऱ्या घराकडं निघालंय. ऐक. पांढरी चार." गाणं एका लांब स्वरसमूहावर येऊन थबकलं. "हा पंचम. नव्या षड्जाचा पंचम. आता..."

आता शांतता झाली. ध्वनिमुद्रण संपलं होतं. सुकुमारचं वाक्यही संपलं होतं, तिथेच.

निखत तंबोऱ्यांच्या घरातली होती. तिला समजायला वेळ लागला नाही. तंबोऱ्याच्या चार तारा. पहिली पंचमाची, मग जोडाच्या दोन षड्जाच्या, आणि चौथी जाड खर्जाची. बोट पहिल्या तारेवर पडलं की कान पुढच्या तीन तारांसाठी तयार होतो. इथे पहिली तार छेडली होती आणि छेडणारा उठून गेला होता.

तिने घाईघाईने आख्खी सिंफनी काढली. दुसरा आणि तिसरा खंड यांच्यात थांबाच नव्हता. संथ खंड दुसऱ्या घराच्या दाराशी येऊन उभा राही आणि तिसऱ्या खंडाच्या पहिल्या ठोक्याला ते दार धाडकन उघडे. तिने दोन खंडांचा तो सांधा वाजवून दाखवला. पांढरी चारचा षड्ज पूर्ण वाद्यवृंदातून कोसळला, आणि सुकुमारने आठ महिन्यांत पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकली. त्याचे डोळे भरून आले होते.

"ज्यानं कापलं त्यानं कागद बघून कापलं," तो म्हणाला. "दुसरा भाग इथं संपतो असं लिहिलेलं असणार. कानानं ऐकलं असतं तर इथं कुणी कात्री लावली नसती."

पुढचा खंड मिनिटाला एकशे चाळीसच्या लयीत होता, तो त्याच्या हृदयात घालणं शक्यच नव्हतं. फक्त पहिला ठोका जोडता आला असता. निखतने कंपनीला तिथल्या तिथे पत्र लिहिलं, डॉक्टरांची सही घेतली. पण छातीतल्या यंत्रात दोन सेकंद वाढवायचे तरी चाचण्या, मंजुरी, पुन्हा चाचण्या. तासाभरात कंपनीचं उत्तर आलं: खरोखरच दोष आढळला तर दीड वर्ष.

"दीड वर्ष मी पंचमावर उभा राहू," तो म्हणाला. तो प्रश्न नव्हता.

*

घरी येऊन त्याने पुरोहितबाईंचा तंबोरा मांडीवर घेतला. आता त्याचं कोडं सुटलं होतं. हाच तंबोरा पांढरी चारचा होता. बाईंची बोटं त्या दोन्ही वेळी नेमकी दार उघडायच्या क्षणी तारांवर पडली होती.

त्याने डोळे मिटून वाट पाहिली. ती अवस्था आली, तसं बोट पंचमावरून पुढे न्यायला गेला. बोट हललं नाही. उंबरठ्यावर खिळलेला माणूस स्वतःच्या हाताने दार कसं उघडणार? क्षण टळून गेल्यावर बोट हललं, आणि तार नुसतीच वाजली. दहा फेऱ्या झाल्या. मग निखतच्या सांगण्यावरून फोनमधला तंबोरा वेळ लावून वाजवून पाहिला. पण त्या चिमुकल्या आवाजात भोपळा नव्हता. खर्ज छातीला टेकत नव्हता. छेडणारं बोट दुसऱ्याचंच हवं होतं, आणि वाद्य खरं हवं होतं.

घरात दुसरं बोट एकाच माणसाचं होतं.

त्रिशला ओट्यापाशी शेंगा निवडत होती. तो दारात जाऊन उभा राहिला. त्याला विनंती करायची होती, आणि त्याआधी जाब विचारायचा होता. दोन्ही वाक्यं अर्ध्यावर राहतील म्हणून त्याने वाटेत ती घोकली होती.

"नव्वदाव्या दिवशी तुला फॉर्म आला होता," तो म्हणाला. "तू शांत लिहिलंस."

शेंगा निवडणारे हात थांबले. तिला कधी ना कधी हे येणार हे ठाऊक असावं.

"मग? शांतच होता की तुम्ही. खोटं काय लिहिलं?"

"दिवा शांत झाला म्हणतो आपण. तसा."

मग त्याने सगळं सांगितलं. कापलेलं गाणं, पंचम, न हलणारं बोट. कुठे कुठे वाक्य लोंबकळलं, पण या वेळी तिने हसून पुरं केलं नाही. तिने विचारलं, त्यावेळी सांगितलं असतं तर बदललं असतं का. तो हो म्हणाला.

"मला दिसत होतं," ती म्हणाली. "ताटातला घास दिसत होता, देव्हाऱ्यापुढचं दिसत होतं. आंधळी नाही मी. पण तुम्ही मला फडकी सोडताना बघितलं आणि काही बोलला नाही, त्या दिवशी मी स्वयंपाकघरात बसून रडले. आनंदानं. मग फॉर्म आला." तिने एक शेंग मोडली. "आता मी तुम्हाला ते दार उघडून द्यायचं. आणि तुम्ही बरे झालात की मी परत झाकणांना फडकी बांधायची काय?"

याचं उत्तर 'नाही' एवढं सोपं होतं. पण तोच एक शब्द त्याच्या ओठांवर आला आणि नेहमीच्या जागी येऊन थांबला. तो तसाच उभा राहिला. त्रिशला त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. शब्द यंत्राने अडवला की माणसाने, हे तिला कळायला मार्ग नव्हता. खरं तर त्यालाही नव्हता.

तीन दिवस ती दुकानाकडे फिरकली नाही. त्यानेही पुन्हा विचारलं नाही.

*

गुरुपौर्णिमेच्या आदल्या दिवशी पुरोहितबाईंचा निरोप आला: संध्याकाळी माणूस पाठवते, तंबोरा असेल तसा द्या.

सुकुमार सकाळपासून बसला होता. घोडीला आता फार तर दोन हात सोसले असते. तिसऱ्याला ती वाया गेली असती. तो कानस टेकवी आणि उचली. पंचमाची तार त्याने लावून ठेवली होती, जोड लावला होता, खर्ज लावला होता. त्याच्या आतली फेरी येत होती, उंबरठ्याशी थबकत होती, मागे जात होती. त्याने मोजणं सोडून दिलं होतं.

दुपारी दाराशी पाऊल वाजलं. त्याने मान वळवली नाही. असं पाऊल त्याला दिवसभर वाजतच असे.

"कशी धरायची?" त्रिशला म्हणाली.

तिचे हात ओले होते. तिने ते पदराला पुसले, उंबरठा ओलांडला आणि त्याच्या समोर मांडी घालून बसली. पस्तीस वर्षांपूर्वी ज्या बोटाने तिने तार छेडली होती, ते बोट तिने पुढे केलं. नखाशी शेंगांचा हिरवा डाग होता. त्याने तंबोरा उभा केला, भोपळा स्वतःच्या छातीला टेकवला आणि तिचं बोट धरून तारांवरून एकदा नेलं. ओढायचं नाही, नुसतं टेकवून सोडायचं, असं त्याला सांगायचं होतं. 'ओढायचं नाही' एवढंच निघालं. ते तिला पुरलं.

"केव्हा?"

त्याने तिचा दुसरा हात आपल्या मानेशी, नाडीवर ठेवला. दोघं थांबले. बाहेर कुणी तरी सतारीचा भोपळा ठोकून पाहत होतं. तिच्या बोटांखाली नाडी संथ चालली होती, मग आणखी संथ, आणि मग तिने ते ओळखलं. आठ महिने ज्या चेहऱ्याकडे ती पाहत आली होती, त्या चेहऱ्यावर तो ताण चढला. वाक्य थांबायचं ती जागा.

सुकुमारने पंचम छेडला. त्याचा हात तिथेच राहिला.

त्रिशलाने जोड छेडला. पुन्हा जोड. मग खर्ज.

ती जाड तार छातीच्या हाडातून आत उतरली. आवाज उमलला, आणि उमलून थांबला नाही, घरात आला, बसला. सुकुमारच्या खांद्यांवरून काही तरी सरकून खाली पडलं. त्याने कानस उचलली, घोडीवरून एक हात फिरवला, दोरा केसभर मागे घेतला. तिने न सांगता तारा पुन्हा छेडल्या. पांढरी चार दुकानभर उजेडासारखी पसरली.

"झालं," सुकुमार म्हणाला, आणि कानस खाली ठेवली.

मग त्याने तो दुसरा शब्दही काढला, तीन दिवस अडकलेला. "नाही. फडकी बांधायची नाहीत."

"बघू की," ती म्हणाली. "बोलणं सोपं असतंय." तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "किती वेळ आहे म्हणालात?"

"अकरा मिनिटं चाळीस सेकंद."

"भात लावून होतोय तेवढ्यात," म्हणत ती उठली. "तुम्हाला किती तंबोरे पुरे करायचेत ते ठरवून ठेवा. दिवसभर काही मी बसायची नाही. सकाळचे चार आणि दुपारचे दोन डाव. मंत्राच्या वेळी एक."

ती आत गेली. सुकुमारने भिंतीवरचा दुसरा तंबोरा काढून तो पांढरी चारवर उतरवायला घेतला. आतली फेरी कधीच सुरू झाली होती. सुरावट काळी चारच्या घरातून निघून आपल्या ठरलेल्या वाटेने चालली होती.

इतक्यात स्वयंपाकघरातून झाकण फरशीवर आदळल्याचा आवाज आला. चांगला दणदणीत, बेसूर, बराच वेळ घरंगळत राहिलेला. पडलं की पाडलं, कोण जाणे. आठ महिन्यांत पहिल्यांदा राग त्याच्या गळ्यापर्यंत आला, पुरता आला, तोंड उघडण्यापर्यंत आला. त्याने तो ओळखला. आत भांड्यांचा आवाज बंद झाला होता. ती ऐकत होती.

सुकुमारने तोंड मिटलं आणि खुंटी पिळली.

थोड्या वेळाने आत पुन्हा भांडी वाजू लागली. मग कुकरची शिट्टी झाली. बरीच मिनिटं गेली, आणि त्याच्या हातातला दोरा अर्ध्यावर थांबला. श्वास थांबला. ती जागा आली होती. कुणी तरी येणार होतं. त्याने दाराकडे मान वळवली. दार रिकामं होतं. पण आतून पदराला हात पुसत येणारी पावलं ऐकू येत होती, आणि ती कुणाची आहेत हे या वेळी त्याला ठाऊक होतं.